कवायत आणि हृदय

खाम नदीच्या पश्चिमेस, औरंगाबाद शहराच्या कोटापासून हेतुपुरस्सर अंतर राखून वसविलेल्या छावणीचा इतिहास सांगणारे बहुधा बंडापासून आरंभ करतात आणि बंडापाशीच थांबतात. १८५७ च्या जून महिन्यात हैदराबाद कंटिन्जंटच्या पहिल्या रिसाल्याने दिल्लीच्या बादशहावर चालून जाण्यास नकार दिला, पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज येऊन थडकली, कोर्टमार्शलचे निवाडे झाले आणि ज्या काळ्या चबुतऱ्यावर त्या शिपायांना देहदंड दिला असे सांगतात त्या जागेस आज क्रांती चौक म्हणतात, ही हकीगत शहरातील शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु बंड हा छावणीच्या दीर्घ आयुष्यातील काही दिवसांचा प्रसंग. तिचे नित्यकर्म म्हणजे कवायत. पहाटे बिगुल वाजावा, ऊन चढण्यापूर्वी पलटण मैदानावर उतरावी, नावाने हजेरी घेतली जावी, आणि शेकडो पायांनी एकाच ठेक्यात ठरलेले अंतर ठरलेल्या वेळात तोडावे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. आणि हृदयरोग झालेल्या माणसाला घरबसल्या, मोबाइलच्या पडद्यावरून, एक मार्गदर्शक व्यायाम शिकवितो व त्याच्या चालण्याची नोंद ठेवतो, ही जी पद्धती अलीकडे रूढ होऊ लागली आहे, तिचे मूळ धुंडाळीत मागे मागे गेले असता एक वाट थेट अशा कवायतीच्या मैदानावर येऊन पोहोचते. विधान चमत्कारिक वाटेल खरे, पण वाट पक्की आहे.

प्रथम या मैदानाची किंमत पाहिली पाहिजे. निजामाच्या फौजेत इंग्रजी धर्तीची कवायती पथके रेसिडेंट हेन्री रसेल याने उभी केली आणि त्यांच्या पगाराची तजवीज दिवाणी सांभाळणाऱ्या चंदुलालने हैदराबादच्या विल्यम पामर आणि कंपनी या पेढीमार्फत केली. औरंगाबादेकडील फौजेच्या पगाराचा हा व्यवहार पुढे चांगलाच बदनाम झाला. मुलखाचा वसूल पेढीकडे लावून दिला गेला, जबर व्याजाने कर्जाचा डोंगर झाला, आणि रसेलच्या मागून आलेल्या मेटकाफने चौकशी लावली तेव्हा ती पेढी बुडाली. कर्ज मात्र बुडाले नाही. १८५३ च्या तहाने या फौजेच्या, म्हणजे कंटिन्जंटच्या, खर्चापोटी निजामास वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या हवाली करावा लागला. शिपायाने पहाटे उठून पायाला पाय मिळवून चालावे, एवढ्यासाठी एक सबंध प्रांत खर्ची पडल्याचे उदाहरण आपल्या इतिहासात दुसरे क्वचितच असेल.

शहरात व्यायाम नव्हता असे मुळीच नाही. तालमी होत्या, वस्ताद होते, जोर-बैठका आणि मुद्गल होते. पण तालमीतला व्यायाम हा बलवंताने अधिक बलवान होण्यासाठी करावयाचा होता, आणि दुर्बळाला, वृद्धाला किंवा व्याधिग्रस्ताला त्या लाल मातीत स्थान नव्हते. पलटणीच्या कवायतीचे तत्त्व वेगळे होते. तेथे प्रत्येकाने सारखेच चालावयाचे, त्याचे माप वेळेत व अंतरात ठरलेले, आणि चालणाऱ्यावर नजर ठेवणारा एक हवालदार सदैव हजर. व्यायामाचे माप ठरविता येते, ते वाढविता येते, कमी करता येते आणि कागदावर उतरविता येते, ही कल्पना तालमीपेक्षा लष्कराच्या मैदानावरच स्वाभाविकपणे रुजण्याजोगी होती.

आणि या मैदानाने माणसांची हृदये प्रथम बिघडविली, ही गोष्ट पहिल्याने ज्यांनी उच्चरवाने सांगितली त्यांतील एक वैद्य निजामाच्याच राज्यातून गेलेला होता. विल्यम कॅम्पबेल मॅक्लीन हा हैदराबादच्या रेसिडेन्सीचा सर्जन. नासिरुद्दौला निजामाला त्याने औषधाचा थेंबही न देता केवळ पथ्यपाण्याने बरे केले, आणि त्या उपकाराची आठवण म्हणून निजामाने १८४६ साली हैदराबादेस वैद्यकाची शाळा काढून ती त्याच्याच स्वाधीन केली, अशी हकीगत सांगतात. आख्यायिकेचा भाग सोडला तरी शाळा खरी, साल खरे आणि मॅक्लीनही खरा. त्या शाळेत पाश्चात्त्य वैद्यक उर्दूतून शिकविले जात असे, आणि आजचे उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय तिचाच वारसा सांगते. हा मॅक्लीन पुढे विलायतेस परतला आणि नेटली येथील लष्करी वैद्यकशाळेत अध्यापक झाला. हिंदुस्थानातील छावण्यांकडे निघालेले तरुण डॉक्टर याच शाळेत तयार होत.

नेटलीच्या इस्पितळात आजारी म्हणून परत पाठविलेले सैनिक तपासताना मॅक्लीनच्या ध्यानात आले, की छातीची धडधड, धाप आणि थोड्या श्रमाने येणारी ग्लानी यांमुळे निकामी ठरलेल्या जवानांची संख्या विलक्षण मोठी आहे, आणि यांतले बहुतेक लोक भरतीच्या वेळी धडधाकट होते. १८६७ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या निबंधात दोष कशाला दिला, तर पाठीवरच्या पिशवीला आणि छाती आवळणाऱ्या पट्ट्यांना. जड ओझे पाठीवर, त्याचे चामडी पट्टे काखेतून व छातीवरून ओढलेले, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला घट्ट अंगरखा, आणि अशा बंधनात जखडलेल्या माणसाने उन्हात झपाझप चालावे. मग हृदयाने करावे तरी काय? तीन वर्षांनी आर्थर मायर्स या दुसऱ्या लष्करी डॉक्टरने याच विषयावर पुस्तक लिहून घट्ट गणवेशावर ठपका ठेवला. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्यात ओझे वाहण्याची नवी जुळणी आली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत जेकब डा कोस्टा याने तेथील यादवी युद्धातील सैनिकांवर आधारलेला आपला गाजलेला निबंध छापला. त्यातील विकाराला पुढे सैनिकाचे हृदय असे नाव पडले. पट्टे सैल केल्याने हा विकार नाहीसा झाला नाही हे पुढील महायुद्धाने दाखविले, तेव्हा मॅक्लीनचे निदान अर्धवटच म्हणावे लागेल. परंतु शरीराच्या श्रमाचा आणि हृदयाच्या विकाराचा हिशेब एकत्र मांडण्याचा त्याचा प्रयत्न मात्र पायाभूत ठरला.

जाता जाता एक नोंद करावीशी वाटते. हैदराबादच्या त्याच वैद्यकशाळेचा नंतरचा प्रमुख एडवर्ड लॉरी याने क्लोरोफॉर्मने माणूस मरतो तो हृदय बंद पडून की श्वास थांबून, या वादाचा निकाल लावण्यासाठी निजामाच्या पैशाने दोन कमिशने बसविली. १८८९ च्या दुसऱ्या कमिशनसाठी लंडनहून लॉडर ब्रन्टन मुद्दाम हैदराबादेस आला. हृदयशूळावर अमिल नायट्राइट हुंगविण्याचा उपाय १८६७ साली प्रथम सुचविणारा तो हाच. जिभेखाली गोळी ठेवून छातीतली कळ थांबविण्याच्या आजच्या उपायाचे गोत्र तेथूनच सुरू होते. निजामाच्या खजिन्याचे आणि हृदयविज्ञानाचे हे नाते छावणीच्या इतिहासात कोठेच नमूद नसते, याचे नवल वाटते.

१९०३ मध्ये कंटिन्जंट हे नाव संपले आणि तिची पथके हिंदुस्थानच्या एकत्रित सैन्यात सामील झाली. पायदळाची परंपरा पुढे कुमाऊं रेजिमेंटकडे गेली आणि घोडदळातून डेक्कन हॉर्स निर्माण झाले. १९१६ च्या जुलै महिन्यात सोमच्या रणक्षेत्रावर, हाय वुड नावाच्या रानापाशी, डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी भाले सरसावून दौड केली. त्याच वर्षी, समुद्राच्या पलीकडे लंडनच्या हॅम्पस्टेड टेकडीवर, टॉमस लुइस या हृदयतज्ज्ञाच्या देखरेखीखाली एक लष्करी हृदयरुग्णालय उघडले, आणि प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने महायुद्धातील महत्त्वाची घटना म्हणावयाची तर ही.

आघाडीवरून धाप आणि धडधड घेऊन परतणाऱ्या हजारो सैनिकांना तोवर महिनोन्‌महिने खाटेवर निजवून ठेवीत, डिजिटॅलिस देत, आणि शेवटी पेन्शन देऊन घरी धाडीत. लुइसने हा परिपाठ मोडला. त्याने रुग्णांना खाटेवरून उठविले, वर्गवारी केली आणि कवायतीच्या चढत्या पायऱ्या ठरवून त्यांवर चढविले: प्रथम सौम्य हालचाली आणि थोडे चालणे, ते झेपले तर पुढची पायरी, धाप लागली तर पुन्हा खालची. ज्याला सर्वांत वरची पायरी पेलली तो पुन्हा पलटणीत रुजू होई. या व्यवस्थेचे मर्म असे, की एकच कवायत निदानही करीत असे आणि उपचारही. माणूस किती चालू शकतो यावरून त्याचे हृदय ओळखावयाचे, आणि त्याच चालण्याने ते सुधारावयाचे. पुढे हे रुग्णालय कोलचेस्टरच्या बराकींत हलविले. त्या बराकींचे नाव सोब्रॉन, म्हणजे १८४६ मध्ये सतलजच्या काठी शिखांचा पराभव झाला त्या लढाईचे. विलायतेतल्या छावणीलाही हिंदुस्थानची आठवण अशी चिकटलेली होती. ज्या कवायतीने हृदय बिघडते असे मॅक्लीनच्या पिढीने म्हटले, तीच कवायत मापून दिली असता औषध होते, हे येथे सिद्ध झाले.

इतके झाल्यावर वैद्यकाने हा धडा गिरवावयास हवा होता. पण इतिहास असा सरळ चालत नाही. १९१२ मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिकने हृदयाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकल्याने येणाऱ्या झटक्याचे वर्णन केले आणि त्याबरोबर संपूर्ण विश्रांतीचा आग्रहही आला. हृदयाच्या स्नायूवरील जखम भरून येण्यास सहा आठवडे लागतात असे शवविच्छेदनावरून ठरले, आणि मग सहा आठवडे रोग्याने कूस बदलण्यासही दुसऱ्याचा हात घ्यावा, असा दंडक पडला. सैनिकाच्या हृदयाला चालावयास लावणारा लुइससुद्धा या खऱ्या झटक्याच्या बाबतीत विश्रांतीचाच पक्षपाती होता, आणि १९४५ साली तो स्वतः त्याच विकाराने वारला. हा दंडक मोडण्यास दोन अमेरिकन डॉक्टर पुढे सरसावले, आणि दोघेही तारुण्यात लुइसच्या हाताखाली शिकलेले होते. कोलचेस्टरला राहून आलेल्या सॅम्युएल लिव्हाइनने बर्नार्ड लाउनच्या साहाय्याने १९५० नंतर लगेचच रोग्यांना खाटेऐवजी आरामखुर्चीत बसविण्याचा उपचार जाहीर केला. आणि पॉल डडली व्हाइट याने १९५५ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला तेव्हा त्यांना लवकर उठवून, चालवून, पुन्हा कामाला लावले. दुसऱ्या वर्षी ते निवडणूक जिंकले. विश्रांतीच्या बाजूचा युक्तिवाद तेवढ्याने खचला. दरम्यान १९५३ मध्ये जेरेमी मॉरिसने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील दोन प्रकारच्या नोकरांची तुलना प्रसिद्ध केली होती. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, असे त्याने आकड्यांनी दाखविले.

इकडे आपल्या शहरात काळ पालटला होता. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली. छावणीलगतच्या मोकळ्या माळावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले आणि १९५६ मध्ये घाटी नावाने सर्वमुखी झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. परंतु हृदयरोग्याच्या घरी विश्रांतीचे राज्य कायमच होते. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना आठवेल, की ॲटॅक येऊन गेलेला गृहस्थ घरात एखाद्या काचेच्या भांड्याप्रमाणे जपला जाई. त्याने जिना चढू नये, पाण्याची बादली उचलू नये, गुरुवारच्या बाजाराची पिशवी मुलाने आणावी, आणि नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीला जावयाचे तर रिक्षाने. यात प्रेम होते, आणि अज्ञानही होते. २००० साली डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक आले तेव्हा मराठी वाचकांच्या फार मोठ्या वर्गाला प्रथमच एका डॉक्टरने स्वतःच्या झटक्याची कथा सांगून चालणे, योग आणि आहार यांचे महत्त्व पटविले. छावणीच्या शांत, जुन्या झाडांच्या रस्त्यांवर पहाटे दिसू लागलेल्या मंडळींत त्या पुस्तकाचे वाचक किती होते याची गणती कोणी केलेली नाही, पण ते होते खास.

चालावे हे पटले; प्रश्न राहिला तो नजर ठेवणाऱ्याचा. लुइसच्या रुग्णांना पळून जाता येत नव्हते, नागरिकाला येते. पाश्चात्त्य देशांत इस्पितळांनी हृदयरोग्यांसाठी व्यायामाचे वर्ग काढले, पण निम्म्याहून अधिक रोगी त्यांकडे फिरकत नसत: अंतर लांब, नोकरी, संकोच. १९८५ मध्ये स्टॅनफर्डच्या रॉबर्ट डिबस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग निराळीच युक्ती प्रसिद्ध केली. रोग्याने घरीच व्यायाम करावा, त्याच्या हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून दवाखान्यात यावा, आणि परिचारिकेने त्याला नियमाने फोन करावा. आजच्या ऑनलाइन मार्गदर्शनाचा हाच खरा पूर्वज. पुढे मोबाइल आला. सिडनीतील सातशे दहा रोग्यांवरील एका प्रयोगात केवळ साध्या संदेशांनीही लोक अधिक चालू लागले, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि घरी केलेला देखरेखीचा व्यायाम इस्पितळातल्या वर्गाइतकाच गुणकारी ठरतो, असा निष्कर्ष अनेक प्रयोगांचे एकत्रित परीक्षण करणाऱ्यांनी काढला. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि त्याच आठवड्यात भारत सरकारने दूरवैद्यकाची नियमावली जाहीर केली. जे ऐच्छिक होते ते काही काळ एकमेव उरले.

हा मार्गदर्शक, जो बहुधा फिजिओथेरपिस्ट असतो, नेमके काय करतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, अँजिओप्लास्टी होऊन दोन महिने झालेला एखादा निवृत्त गृहस्थ नगर नाक्याकडे चालतो आहे. त्याच्या मनगटावरील घड्याळ मिनिटाला ९४ ठोके दाखविते आणि त्याला वाटते, आपण फारच हळू चाललो. म्हणून तो वेग वाढवितो. येथेच धोका असतो. त्याला मेटोप्रोलोल चालू आहे, ते औषध नाडीला फारसे वर चढू देत नाही, आणि म्हणून नाडीच्या आकड्यावर श्रमाचे माप काढणे फसवे ठरते. तेवढ्यात ठरलेल्या वेळी फोन येतो. "काका, चालताना सलग बोलता येतंय ना?" "येतंय की, पण जरा तुटक." "मग वेग थोडा कमी करा. आकडा किती द्याल आज?" "तेरा-चौदा." हा आकडा स्वीडनच्या गुन्नार बोर्ग याने बसविलेल्या श्रमाच्या मोजपट्टीवरचा, ती सहापासून वीसपर्यंत जाते, कारण निरोगी तरुणाच्या नाडीचा दशांश साधारण तेवढाच भरतो, आणि हृदयरोग्याने प्रारंभी अकरा ते तेराच्या दरम्यान राहावे असा सर्वसाधारण संकेत आहे. छातीत दाटले, डावा हात जड झाला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर जागीच थांबावयाचे, खिशातील सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवावयाचे आणि दवाखाना गाठावयाचा; हे मार्गदर्शक दर आठवड्यास पुन्हा वदवून घेतो. एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या उन्हात चालणे सकाळी सातच्या आत उरकावे, जेवणानंतर लगेच निघू नये, बायपास झालेल्याने छातीचे हाड सांधेपर्यंत जड उचलू नये, अशा बारीकसारीक सूचना त्यात येतात.

बोलता बोलता धाप लागते का, या कसोटीला नवे शास्त्र आपली म्हणून मिरविते, ते तितकेसे खरे नाही. व्यायाम करणाऱ्याच्या हृदयस्थानी असलेला वायू जेव्हा मुखावाटे येऊ लागतो तेव्हा त्याचे अर्धे बळ खर्च झाले असे समजावे, हे लक्षण सुश्रुताने देऊन ठेवले आहे, आणि व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा हा आपल्या वैद्यकाचा जुना दंडक आहे. त्याउलट रोज दहा हजार पावलांचा जो आकडा घड्याळे आपल्यापुढे नाचवितात, त्याचा उगम १९६५ च्या सुमारास जपानात विकल्या गेलेल्या एका पावले-मोजणी यंत्राच्या नावात आहे. हृदयरोग्याने त्यापायी कष्टी होण्याचे कारण नाही. मिनिटाला शंभर पावले हा मध्यम श्रमाचा वेग मानतात, सैन्यातील 'तेज चल' एकशे वीसचा असतो.

या सर्व प्रपंचाचा उपयोग किती, याविषयी आपल्याच देशातील एक मोठा प्रयोग बोलका आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि ब्रिटनमधील वैद्यक संशोधन परिषद यांच्या साहाय्याने देशभरातील २४ रुग्णालयांत, झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रोग्यांवर योगाधिष्ठित पुनर्वसनाची परीक्षा झाली. १२ आठवड्यांत १३ पाठ. २०१८ मध्ये जाहीर झालेला निकाल असा, की रोग्यांना बरे वाटले, ते कामाला अधिक लागले, पण मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके यांत निश्चित म्हणता येईल असा फरक दिसला नाही. मात्र ज्यांनी तेरांपैकी दहा किंवा अधिक पाठांना उपस्थिती लावली, त्यांच्यात असे प्रसंग बरेच कमी आढळले. हा आकडा पाहून हर्ष होणे साहजिक आहे, तथापि सावध राहिले पाहिजे. जो माणूस दहा पाठांना येऊ शकतो तो मुळातच अधिक निरोगी, अधिक सुस्थित किंवा अधिक निश्चयी असण्याचा संभव आहे, आणि हजर राहिल्याने तो वाचला की वाचण्याजोगा होता म्हणून हजर राहिला, हे अशा हिशेबातून कळत नाही.

मला या प्रयोगात अधिक महत्त्वाचे वाटतात ते न आलेले. वाळूजच्या कारखान्यातून रात्रपाळी करून परतणारा कामगार सकाळी सातला निजतो. त्याला पहाटेच्या चालण्याचा उपदेश करणारा त्याचे वेळापत्रक जाणत नाही. त्याहून कठीण गोष्ट बायकांची. हृदयरोग झालेली पन्नाशीतली गृहिणी सकाळी रस्त्यावर एकटी चालावयास निघेल असे तिचे घर गृहीत धरीत नाही. घरात स्मार्टफोन असतो तो मुलाच्या हातात, आणि मार्गदर्शकाचा फोन आला तर तो मुलगाच उचलून आईच्या वतीने "हो, चालते ती" असे सांगून मोकळा होतो. तिच्यासाठी गच्चीवरचे, अंगणातले, दारामागचे वीस मिनिटांचे चालणे ठरवावे लागते, तिच्याशी तिच्याच मराठीत किंवा दखनीत बोलावे लागते, आणि भाकऱ्या आटोपून, दुपारची झाकपाक होऊन, मुलगा कामावर गेल्यावर तो फोन तिच्या हाती कसा राहावा, याची तोड घरातल्यांना विश्वासात घेऊनच काढावी लागते. एरवी अतिशय बारकाईने लिहिलेल्या व्यायामाच्या तक्त्यांत या कामासाठी रकाना नसतो.